०.३९४४ की ०.१०५६? नॉर्मलच्या उदाहरणात उत्तर नेमकं कुठे घसरतं

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातून दुसऱ्या पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, एक विद्यार्थी विचारतो: “साखर कारखान्यात ५० किलोची पोती भरतात. भरलेल्या वजनाचा मध्य (सरासरी) ५०.२ किलो, एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे वजनांचा पसारा) ०.१६ किलो, वितरण नॉर्मल (घंटेच्या आकाराचं). ५० किलोपेक्षा कमी भरलेल्या पोत्यांचं प्रमाण पुस्तकात ०.१०५६ दिलंय, माझं ०.३९४४ येतंय. दहा पोत्यांत निदान एक तरी कमी भरलेलं निघण्याची संभाव्यता काढली तर १.०५६ आली. आणि प्रोजेक्टसाठी गावच्या दूध डेअरीचे आकडे घेतले, मध्य ६ लिटर आणि एसडी ५, तर साडेअकरा टक्के सभासद शून्याहून कमी दूध घालतात असं निघालं! मला टेबल वाचता येत नाही का?”

टेबल तुम्हाला नीट वाचता येतं. तिन्ही ठिकाणी चूक टेबल वाचण्यातली नाही, आणि तिन्ही चुकांची जात वेगळी आहे.

पहिलं उदाहरण घेऊ. झेड म्हणजे एखादा आकडा मध्यापासून किती एसडी दूर आहे ते. झेड = (५० − ५०.२) ÷ ०.१६ = −१.२५. इथवर सगळं बरोबर. पुढे १.२ ची ओळ, ०.०५ चा रकाना, आकडा ०.३९४४. हा आकडाही खरा आहे, फक्त तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. तुमच्याकडचं टेबल मध्यापासून झेडपर्यंतचं क्षेत्र देतं. म्हणजे ५० ते ५०.२ किलोच्या दरम्यान भरलेली पोती ३९.४४ टक्के. तुम्हाला हवी आहेत ५० च्या डावीकडची. मध्याच्या डाव्या बाजूला एकूण ०.५, त्यातून ०.३९४४ वजा केले की ०.१०५६.

बाजारात तीन प्रकारची टेबलं आहेत आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपलं कोणतं आहे ते ओळखायला शीर्षक वाचत बसू नका, झेड ०.०० आणि १.०० समोरचे दोन आकडे बघा. ०.०००० आणि ०.३४१३ असतील तर टेबल मध्यापासूनचं. ०.५००० आणि ०.८४१३ असतील तर डावीकडचं सगळं क्षेत्र. ०.५००० आणि ०.१५८७ असतील तर उजवीकडचं शेपूट. पुस्तक एक, परीक्षेत मिळालेलं टेबल दुसरं आणि यूट्यूबवरच्या सरांचं तिसरं असलं की “०.५ कधी मिळवायचे, कधी वजा करायचे” याचे नियम पाठ करून काहीच हाती लागत नाही. नियम पाठ करण्यापेक्षा आकृती काढावी. घंटेसारखा वक्र, मध्यावर उभी रेघ, ५० जिथे येतं तिथे दुसरी रेघ, आणि हवा तो भाग पेन्सिलीने काळा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि वजाबाकी की बेरीज हे समोर दिसतं.

आकृती काढली की टेबलाआधी अंदाजही बांधता येतो. मध्याच्या दोन्ही बाजूंना एक एसडी घेतली तर ६८.२७ टक्के क्षेत्र आत येतं, दोन एसडीत ९५.४५, तीन एसडीत ९९.७३. म्हणून एका एसडीच्या खाली साधारण १६ टक्के उरतात. ५० किलो ही रेघ मध्याच्या सव्वा एसडी खाली आहे, तेव्हा उत्तर १६ टक्क्यांहून कमी यायलाच हवं. ३९ टक्के आले की थांबून आकृतीकडे परत जायचं. माझ्या मते पेपर तपासणाऱ्याने या अंदाजाच्या ओळीला अर्धा मार्क द्यावा, पण देत नाहीत.

याच जागी आणखी दोन घसरगुंड्या आहेत. प्रश्नात “वजन नॉर्मल (५०.२, ०.०२५६)” असं दिलेलं असू शकतं. त्यातला दुसरा आकडा एसडी नसून प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स असतो. वर्गमूळ काढलं की ०.१६ मिळतात. वर्गमूळ न काढता ०.०२५६ ने भागलं तर झेड −७.८ येतो, आणि मुलं “टेबलात नाही” म्हणून शून्य लिहून मोकळी होतात. दुसरी घसरगुंडी ०.५ झेडला होते. ०.५ च्या ओळीत ०.०० चा रकाना बघायचा, ०.१९१५. घाईत ०.० च्या ओळीत ०.०५ चा रकाना बघितला जातो, ०.०१९९. आकडे दहापट वेगळे, तरी वहीत दोन्ही सारखेच गुणी दिसतात.

आता १.०५६. संभाव्यता १ च्या वर गेली म्हणजे गणित चुकलंय हे तुम्ही स्वतःच ओळखलंत, ते बरं झालं. सहा पोत्यांचं उदाहरण असतं तर ०.६३३६ आले असते आणि चूक पचून गेली असती. तुम्ही १० × ०.१०५६ केलंत, म्हणजे दहा संभाव्यता नुसत्या मिळवल्यात. अशी बेरीज घटना परस्पर अपवर्जी असतील तरच चालते, म्हणजे एक घडली की दुसरी घडणं अशक्य. पहिलं पोतं कमी भरलं म्हणून तिसरं कमी भरायला काही बंदी नाही. दोन्ही कमी भरलेली असतील तो प्रसंग तुमच्या बेरजेत दोनदा मोजला गेला, तिन्ही असतील तो तीनदा.

“निदान एक” असे शब्द दिसले की उलट बाजूने जा. एकही कमी भरलेलं नसण्याची संभाव्यता काढा आणि १ मधून वजा करा. एक पोतं ठीक असण्याची संभाव्यता ०.८९४४. दहाही ठीक असण्याची ०.८९४४ चा दहावा घात. साध्या कॅल्क्युलेटरवर वर्ग करत गेलं तरी चालतं: वर्ग ०.७९९९५, चौथा घात ०.६३९९, आठवा ०.४०९५, आणि आठवा गुणिले दुसरा म्हणजे दहावा ०.३२७६. उत्तर १ − ०.३२७६ = ०.६७२४. दर पोत्यामागे साडेदहा टक्के धोका असताना दहा पोत्यांच्या खेपेत निदान एक हलकं निघण्याची शक्यता दोन तृतीयांश! हे पहिल्यांदा कुणालाच पटत नाही. आणि तुमचा १.०५६ हा आकडाही वाया गेलेला नाही. दहा पोत्यांत सरासरीने किती हलकी निघतील, त्या अपेक्षित संख्येचं ते बरोबर उत्तर आहे. संख्या १ च्या वर जाऊ शकते, संभाव्यता नाही.

इथे घात घेताना आपण गुपचूप एक गोष्ट धरून चाललो: पोती एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. “स्वतंत्र” आणि “परस्पर अपवर्जी” यांत गल्लत करणारे विद्यार्थी इतके आहेत की तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. दोन्ही घटनांची संभाव्यता शून्याहून जास्त असेल आणि त्या परस्पर अपवर्जी असतील, तर त्या स्वतंत्र असूच शकत नाहीत. एक घडली हे कळताच दुसरीची संभाव्यता थेट शून्यावर येते, यापेक्षा घट्ट अवलंबन दुसरं कुठलं?

प्रत्यक्ष कारखान्यात हे गृहीतक ढिलं पडतं. भरण्याच्या यंत्राचा काटा सरकला की लागोपाठ वीस पोती हलकी निघतात, मग पन्नास नीट. अशा वेळी ०.६७२४ हा आकडा खेपेचं खरं चित्र दाखवत नाही. हलकी पोती ठरावीक खेपांत गोळा होतात आणि उरलेल्या खेपा पूर्ण स्वच्छ जातात. म्हणून नमुना काढताना थप्पीतली लागोपाठची दहा पोती उचलू नयेत, पूर्ण पाळीत विखुरलेली उचलावीत.

दोन यंत्रं असतील तर सशर्त संभाव्यता, म्हणजे एक गोष्ट कळल्यावर दुसरीची संभाव्यता, लागते. सूत्रात अडकत असाल तर १००० पोती डोळ्यांसमोर आणा. नव्या यंत्राने ६०० भरली, त्यातली २ टक्के हलकी, म्हणजे १२. जुन्याने ४००, त्यातली १० टक्के हलकी, म्हणजे ४०. एकूण हलकी ५२. पोतं जुन्या यंत्राचं असेल तर हलकं असण्याची संभाव्यता ०.१०. पोतं हलकं असेल तर जुन्या यंत्राचं असण्याची ४० ÷ ५२, म्हणजे ०.७७. प्रश्नातला “तर” कुठल्या बाजूला आहे तेवढंच बघायचं. बेजचं सूत्र हेच करतं, फक्त १००० पोती न मोजता.

संभाव्यता आणि नॉर्मल या दोन धड्यांचा संबंध काय, असं बरेच जण विचारतात, कारण पुस्तकात नाणी-फासे एका टोकाला आणि नॉर्मल दुसऱ्या टोकाला असतं. इतिहासात ते एकाच गणितातून आले. १७३३ मध्ये अब्राहम द म्वाव्ह्र या गणितज्ञाने पुष्कळ वेळा नाणं उडवल्यावर येणाऱ्या छाप्यांच्या संख्येचं वितरण सोप्या रीतीने कसं काढायचं ते शोधलं, आणि त्यातून हा वक्र निघाला. गाऊस या जर्मन गणितज्ञाने तो खगोलशास्त्रातल्या मोजमापाच्या चुकांना लावला तो पुढे, १८०९ मध्ये. पुष्कळ लहान, स्वतंत्र गोष्टींची बेरीज झाली की हा आकार येतो. पोत्याच्या वजनात दाण्याचा आकार, ओलावा, झडप बंद व्हायला लागणारा वेळ असे बारीक फरक मिळतात, म्हणून तिथे तो बरा बसतो.

बेरजेचा विषय निघालाच आहे तर परीक्षेत सर्वांत जास्त मार्क खाणारी गोष्ट सांगतो. “चार पोत्यांचं एकूण वजन २०० किलोपेक्षा कमी असण्याची संभाव्यता काढा.” मध्य ४ × ५०.२ = २००.८, यात कुणी चुकत नाही. एसडी मात्र मुलं ४ × ०.१६ = ०.६४ घेतात. मग झेड −१.२५ येतो आणि उत्तर पुन्हा ०.१०५६. एका पोत्याचं आणि चार पोत्यांचं उत्तर तेच? चार वेगवेगळ्या पोत्यांत एक जरा जास्त, एक जरा कमी असं होऊन फरक आपापसात जिरतात. म्हणून प्रचरणं मिळवायची: ४ × ०.०२५६ = ०.१०२४, वर्गमूळ ०.३२. झेड = −०.८ ÷ ०.३२ = −२.५, उत्तर ०.००६२. एसडी चौपट तेव्हाच होते जेव्हा एकाच पोत्याचं वजन चारने गुणलेलं असतं. सरासरीचा प्रश्न असेल तर एसडीला √४ ने भागा, ०.०८, झेड पुन्हा −२.५. बेरीज आणि सरासरी हे एकच उदाहरण आहे, दोन्हीकडचं उत्तर जुळलं पाहिजे. प्रश्नात “एक पोतं” आहे, “एकूण” आहे की “सरासरी”, त्या शब्दाखाली रेघ मारल्याशिवाय झेड काढू नका.

उलटं उदाहरणही येतं: फक्त १ टक्का पोती हलकी निघावीत, तर यंत्राचा मध्य किती ठेवावा? आता क्षेत्र दिलंय, झेड शोधायचाय. मध्यापासूनच्या टेबलात आत ०.४९०० च्या जवळचा आकडा शोधा. ०.४९०१ सापडतो, झेड २.३३. हलकी पोती डावीकडे, म्हणून −२.३३. मध्य = ५० + २.३३ × ०.१६ = ५०.३७३ किलो. उणे चिन्ह विसरलात तर ४९.६२७ येतं, म्हणजे मध्यच ५० च्या खाली, निम्म्याहून जास्त पोती हलकी. चिन्ह तपासायला एवढं पुरतं. आता व्यवहार बघा. मध्य ५०.२ वरून ५०.३७३ वर नेला तर दर हजार पोत्यांमागे १७३ किलो, जवळजवळ साडेतीन पोती साखर फुकट जाते. त्याऐवजी मध्य तसाच ठेवून यंत्र दुरुस्त केलं तर एसडी ०.२ ÷ २.३३ = ०.०८६ वर आणावी लागेल. दुरुस्तीचा खर्च एकदाच असतो, साखर रोज जाते. नॉर्मलचं टेबल कारखान्यात खरं वापरलं जातं ते अशा प्रश्नाला.

एक्सेलवर करणाऱ्यांसाठी एक इशारा. नॉर्म.डिस्ट या फंक्शनला ५०, ५०.२, ०.१६ असे आकडे दिल्यावर शेवटी ट्रू किंवा फॉल्स विचारलं जातं. ट्रू दिलं की ०.१०५६. फॉल्स दिलं की १.१४. हे काय? ती वक्राची उंची आहे, क्षेत्र नाही, आणि उंची १ च्या वर जायला काही हरकत नसते. पोतं “बरोबर ५० किलो” असण्याची संभाव्यता शून्य का, याचंही उत्तर इथेच आहे: रेघेला रुंदी नसते, म्हणून क्षेत्र नसतं. पण १० ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ५०.०० दिसतं तेव्हा खरं वजन ४९.९९५ ते ५०.००५ मध्ये कुठेतरी असतं. उंची गुणिले रुंदी, १.१४ × ०.०१, म्हणजे सुमारे ०.०११४. शंभरात एखादं पोतं तसं दिसेल.

वजन सलग असतं. मोजलेल्या नगांचं तसं नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत ४०० कास्टिंग आहेत आणि प्रत्येक रिजेक्ट होण्याची संभाव्यता ०.१ आहे असं धरा. मध्य ४०, प्रचरण ४०० × ०.१ × ०.९ = ३६, एसडी ६. “५० किंवा जास्त रिजेक्ट” याला ४९.५ पासून मोजा, कारण ५० हा आकडा वक्राखाली ४९.५ ते ५०.५ एवढी जागा घेतो. झेड १.५८, उत्तर ०.०५७१. थेट ५० घेतलं तर १.६७ आणि ०.०४७५. “५० पेक्षा जास्त” असेल तर ५०.५. पोत्याच्या वजनात मात्र हा अर्धा घुसडू नका. आणि नगांच्या मोजणीला नॉर्मल लावण्याची ही युक्ती मोठ्या संख्येलाच चालते. ५० नग आणि ०.०२ संभाव्यता असेल तर मध्य १, एसडी ०.९९, आणि वक्राचा ६ टक्क्यांहून जास्त भाग −०.५ च्या डावीकडे जातो. तिथे पॉयसाँ, म्हणजे विरळ घटनांच्या मोजणीचं वितरण, वापरा. अपेक्षित रिजेक्ट आणि अपेक्षित चांगले नग, दोन्ही निदान ५, जमल्यास १०, हा नेहमीचा निकष.

शेवटी तुमची डेअरी. मध्य ६ लिटर, एसडी ५. शून्य लिटरचा झेड −१.२, डावीकडे ०.११५१. गणितात चूक नाही. आकडे नॉर्मल नाहीत, एवढंच. जी गोष्ट शून्याखाली जाऊ शकत नाही तिची एसडी मध्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर नॉर्मलचं नाव काढायचं नाही. एक-दोन जनावरांवाले सभासद पुष्कळ आणि गोठा असलेले मोजके, म्हणून वितरण उजवीकडे लांब शेपटीचं. जमीन, कर्ज, दिवसाचा पाऊस यांचंही तसंच. प्रोजेक्टमध्ये आधी हिस्टोग्राम काढा, मग १ ते ११ लिटरच्या बाहेर दोन्ही बाजूंना किती सभासद पडतात ते मोजा. नॉर्मल असते तर दोन्हीकडे १६-१६ टक्के पडले असते. मध्याबरोबर मध्यका (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) आणि चतुर्थकं (एक चतुर्थांश व तीन चतुर्थांशावरचे आकडे) हीही द्या.

फॅटचे आकडे घेणार असाल तर गाय आणि म्हैस वेगळी ठेवा. गाईचं फॅट साडेतीन-चारच्या आसपास, म्हशीचं सहा-सातच्या. एकत्र केलं की दोन उंचवटे येतात आणि मध्य पाचाच्या जवळ अशा जागी पडतो जिथे फार थोडी नोंद असते. पावसाळी खानापूर आणि कोरड्या अथणीचा वार्षिक पाऊस एका यादीत घातला तर असंच होतं, जिल्हा एक असला तरी.

डेअरीवर नॉर्मल वापरायचंच असेल तर सरासरीवर वापरा. चिठ्ठ्या टाकून ३६ सभासद निवडले तर त्यांच्या सरासरीची एसडी ५ ÷ ६ = ०.८३. ती सरासरी ७ लिटरच्या वर जाण्याचा झेड १.२, संभाव्यता ०.११५१. आकडा योगायोगाने तोच आला, अर्थ मात्र शहाणा आहे. दोन-चार सभासद चाळीस-पन्नास लिटरवाले असतील तर ३६ चा नमुना तोकडा पडेल, मोठा घ्या. शिवाय डेअरीत एकूण सभासदच १२० असतील तर ३६ म्हणजे ३० टक्के झाले, आणि निवडलेली चिठ्ठी परत टाकलेली नाही. तेव्हा ०.८३ ला √(८४ ÷ ११९) ने, म्हणजे ०.८४ ने गुणावं लागतं. एसडी ०.७०, झेड १.४३, संभाव्यता ०.०७६४. प्रोजेक्टच्या वहीत सभासदांची एकूण संख्या आणि चिठ्ठ्या परत टाकल्या की नाही, या दोन गोष्टी आकड्यांच्या वरच लिहून ठेवा. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतात.